घी सांडलं तर चालेल, पाणी नको : थारमधले सहा दिवस

दिवस १ : वांद्रे, जोधपूर, फलोदी

माझं गाव माण तालुक्यातलं. लहानपणी टँकर आला की आम्ही पोरी दप्तर टाकून हंडे घेऊन पळायचो, टँकरवाला विहिरीत पाइप सोडायचा आणि त्या गढूळ पाण्यावर सगळी आळी तुटून पडायची, भांडणं, शिव्या, कुणाची तरी कळशी चेपलेली, हे सगळं डोळ्यांपुढं आहे अजून. आमच्याकडं वर्षाला साधारण ४५०-५०० मिमी पाऊस पडतो. जैसलमेरला २०० मिमीपेक्षाही कमी. मुंबईत २६ जुलै २००५ ला एका दिवसात ९४४ मिमी पडला होता ना, तो जैसलमेरचा निदान चार वर्षांचा पाऊस झाला! आणि तरी तिथं शेकडो वर्षं माणसं राहतायत, गुरं पाळतायत, काही ठिकाणी तर गहू पिकवतायत. हे कळल्यापासून मला जायचंच होतं, आणि आईला घेऊनच जायचं होतं, कारण पाण्यातलं तिला जेवढं कळतं तेवढं मला नाही कळत.

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा धरला. वांद्रे टर्मिनसवरून सूर्यनगरी एक्सप्रेस, दुसऱ्या दिवशी सकाळी जोधपूर. तिथून सहा दिवसांसाठी गाडी ठरवली. ड्रायव्हरदादा तिकडचेच, पहिल्या मिनिटापासून आईला "माजीसा" म्हणायला लागले आणि आईनंही लगेच त्यांना "तुमच्यात गुरं किती हायत" विचारून टाकलं, अर्धं मराठी अर्धं हिंदी, पण दोघांचं जमलं.

ओसियाँ ओलांडल्यावर झाडं विरळ होत गेली आणि एकच झाड सारखं दिसायला लागलं, शेताच्या मधोमध, फांद्या छाटलेलं, खडबडीत. खेजडी. आई खिडकीतून बघून म्हणाली, "अगं ही तर सौंदड." बरोबर होतं तिचं. आपण दसऱ्याला जिची पूजा करतो ती शमी म्हणजेच ही. फक्त आपल्याकडं ती पूजेपुरती आणि इथं अख्खं घर तिच्यावर चालतं. पाला शेळ्या-उंटांना, शेंगा म्हणजे सांगरी वाळवून वर्षभर भाजीला, आणि तिच्या सावलीत बाजरी चांगली येते म्हणून नांगरतानाही तिला कुणी हात लावत नाही. १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडलीत हीच झाडं वाचवताना अमृतादेवींसह ३६३ बिश्नोई माणसांनी जीव दिला. हे आधी ऐकलेलं होतं, पण ते झाड प्रत्यक्ष बघितल्यावर, मैलभरात तेवढी एकच सावली आहे हे बघितल्यावर, ते वेगळंच कळलं.

मुक्काम फलोदीला. याच फलोदीत १९ मे २०१६ ला ५१ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. आम्ही मात्र रात्री दोन-दोन रजया घेऊन झोपलो.

दिवस २ : खीचन आणि जैसलमेर

पहाटे खीचन. फलोदीला लागूनच आहे. इथं दर हिवाळ्यात मंगोलिया, मध्य आशियाकडून हिमालय ओलांडून करकोचे येतात, इथले लोक त्यांना कुरजां म्हणतात. गावानं त्यांच्यासाठी कुंपण घालून चुग्गाघर केलंय, तिथं रात्रीच दाणे पसरून ठेवतात. आम्ही एका घराच्या गच्चीवर बसलो, अजून उजाडायचं होतं. आधी आवाज आला, लांबून, खूप जणी एकदम बोलतायत असा, मग आभाळात रेघ, मग दुसरी, मग सगळं आभाळच भरलं. हजारो पक्षी. घिरट्या घालून अंदाज घेतात, एकदम उतरत नाहीत, आणि उतरले की राखाडी अंगं आणि काळ्या माना एवढंच दिसतं, जमीन दिसत नाही. आई एक शब्द बोलली नाही. उठताना एवढंच म्हणाली की दुष्काळी गाव पाहुण्याला उपाशी ठेवत नाही. २०२५ मध्ये खीचनला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, जागा मिळाली, म्हणजे आता जगाच्या नकाशावर आलं, पण दाणे टाकायचं काम गाव त्याच्या कितीतरी आधीपासून करतंय.

दुपारी जैसलमेर. किल्ला लांबूनच दिसतो, पिवळा दगड, उन्हात खरंच सोन्याचा वाटतो. रावळ जैसलनी ११५६ मध्ये वसवलेलं शहर, आणि किल्ल्यात अजून लोक राहतात. हवेल्या, जाळ्या, कोरीव झरोके, याचे फोटो सगळ्यांनी बघितलेत, मी परत वर्णन करत नाही. मला जी गोष्ट लागली ती वेगळी. हा किल्ला पाण्यामुळं खचतोय. वाळवंटात! पूर्वी इथल्या बायका गडीसर तलावातून डोक्यावर घडे आणायच्या, घरात थोडंसं पाणी, तेही शेवटच्या थेंबापर्यंत वापरलेलं. मग नळ आले, कालव्याचं पाणी आलं, हॉटेलं झाली, प्रत्येक खोलीला बाथरूम झालं, आणि जे सांडपाणी आहे ते जुन्या गटारांत न मावता टेकडीत मुरतंय. खालचे थर भिजतात, भिंती सुटतात. कमी पाण्यासाठी बांधलेल्या गावाला जास्तीचं पाणी झेपेना. यात नळ मागणाऱ्यांची चूक आहे असं मी म्हणणार नाही, माझ्या आईचं अर्धं आयुष्य हंडे वाहण्यात गेलंय, तिला नळ नको होता असं कोण म्हणेल? पण पाणी आणताना ते जाणार कुठं याचा विचार कुणी केला नाही, हे मात्र खरं.

संध्याकाळी गडीसरला पायऱ्यांवर बसलो. रावळ गडसीनी १४ व्या शतकात हा तलाव नव्यानं बांधून घेतला, म्हणून गडीसर. आई पाण्याकडं कमी आणि पाणी कुठनं येतंय त्या उताराकडं जास्त बघत होती.

दिवस ३ : कुलधरा, खडीन, खुडी

कुलधराला सगळे भुतांसाठी जातात. गाईडही तेच सांगतात, एका रात्रीत ८४ गावं रिकामी झाली, शाप आहे, रात्री आवाज येतात. दंतकथा अशी की दिवाण सालमसिंगाच्या जाचामुळं पालीवाल ब्राह्मणांनी रातोरात गावं सोडली. काहींचं म्हणणं करांचा बोजा, काहींचं म्हणणं विहिरी आटल्या. १९ व्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत गाव ओस पडत गेलं एवढं नक्की. ओळीत घरं, सरळ रस्ते, छप्पर नसलेल्या भिंती. पडक्या घराच्या उंबऱ्यात बसून लोक रील करत होते, मला ते बघवेना, कुणाचा तरी संसार होता तो.

आणि ज्यासाठी पालीवालांची आठवण ठेवायला पाहिजे ती गोष्ट गावाच्या बाहेर आहे. खडीन. कुलधराच्या पुढं गाडी थांबवली तेव्हा आधी मला कळेचना, सगळीकडं फुफाटा आणि मधेच हा हिरवा पट्टा कसला, जवळ गेलो तर गहू आणि हरभरा! विहीर नाही, मोटर नाही, पाइप नाही. तिथले एक म्हातारे शेतकरी होते, त्यांनी काठीनं मातीत रेघा काढून समजावलं. वर खडकाळ माळ आहे, त्याला ते मगरा म्हणतात. त्यावर पडलेला पाऊस मुरत नाही, वाहून खाली येतो. खालच्या बाजूला लांबच लांब मातीचा बांध घालायचा, त्याच्यामागं पाणी थांबतं, जास्तीचं एका बाजूनं सोडून द्यायचं. पावसाळाभर तळं. दिवाळीच्या आसपास पाणी जमिनीत उतरतं, वर गाळ राहतो, आणि त्या ओलीवर पेरायचं, पुढं पीक निघेपर्यंत एकही पाणी द्यायचं नाही. १५ व्या शतकापासून पालीवाल हे करत आले असं मानतात. एका शेतावर पाऊस पडून भागत नाही ना, मग कितीतरी पट मोठ्या माळावरचा पाऊस एका शेतात आणायचा. इतकं साधं.

आईनं बांधावर चालून बघितलं, वाकून ढेकूळ उचललं, दाबलं, नाकाला लावलं. त्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांनी मला सांगितलं की यंदा बरा पडला म्हणून हे दिसतंय, पाच वर्षांत दोन वर्षं तरी खडीन भरतच नाही, मग बाजरीही नाही आणि चाराही नाही, पोरं गुजरातेत कामाला. निघताना त्यांनी ओंजळभर हरभऱ्याचे घाटे आईच्या पदरात घातले. आम्ही गाडीत सोलून खाल्ले, खारट-आंबट, अगदी आमच्या शिवारातल्यासारखे.

संध्याकाळी खुडी. सगळे पर्यटक जातात त्या सम गावी न जाता खुडीला गेलो ते बरं झालं, समला डीजे आणि जीपची रांग असते म्हणतात. एका घरी उतरलो, गोल झोपडं, शेणामातीनं सारवलेलं, वर गवताचं छप्पर, आत उन्हाळ्यातही गार राहतं म्हणे. सूर्य बुडताना धोऱ्यावर चढलो. वाळूच्या टेकडीला धोरा म्हणतात. वाऱ्यानं वाळूवर पडलेल्या बारीक लाटा, त्यावरून एका किड्याची पावलं, ती पण इतकी स्पष्ट की तो कुठं थांबला, कुठं वळला सगळं वाचता येत होतं. ऊन उतरलं तसा रंग बदलत गेला, पिवळा, मग तांबूस, मग निळसर राखाडी, आणि शेवटी पायाखालची वाळू एकदम गार. दहा मिनिटांत. रात्री बाहेर खाटेवर पडले तर आकाशगंगा या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी कितीतरी वेळ जागी होते.

दिवस ४ : खुडी

आजचा दिवस सगळ्यात मोठा. म्हणजे कुठं गेलो नाही फारसं, पण.

सकाळी उठले तर आई चुलीपाशी. घरची सून बाजरीची भाकरी करत होती, ते सोगरा म्हणतात, जाड, आपल्यापेक्षा दुप्पट. आईनं पीठ ओढून घेतलं आणि आपली पातळ भाकरी थापून दाखवली. ती पोरगी घुंघटातून हसत होती. सासरे अंगणात आले की घुंघट खाली, गेले की वर, हे दिवसभर चाललेलं. मग भाजी, केर-सांगरी (केर म्हणजे तिकडच्या काटेरी झुडपाची फळं), ताकातली बाजरीची राब, आणि मटकी. मटकीला ते मोठ म्हणतात, देशातली बहुतेक मटकी राजस्थानातच पिकते. आपल्या मिसळीतली मोड आलेली मटकी या असल्या रेताड जमिनीवर एक-दोन पावसात येते, हे मला खरंच माहीत नव्हतं.

जेवणानंतर भांडी घासायला ती वाळू घेऊन बसली. कोरडी वाळू, घासायची, झटकायची, मग फडक्यानं पुसायची. पाणी नाहीच. माझ्या हातून पाण्याचा तांब्या कलंडला, थोडंसंच सांडलं, आणि म्हातारी आजी खाटेवरून पटकन म्हणाल्या, "घी ढुळ्यां म्हारो कीं नीं जासी, पाणी ढुळ्यां म्हारो जी बळै." घी सांडलं तर माझं काही जात नाही, पाणी सांडलं की जीव जळतो. रागावून नाही, सहज. म्हणच आहे ती तिकडची. मी काय बोलणार?

मग मी टांका दाखवा म्हटलं. घराच्या मागं, जमिनीत गोल हौद, वर घुमटी, लोखंडी झाकण आणि त्याला कुलूप. भोवती मोठं गोल अंगण, चोपून घट्ट केलेलं, सगळ्या बाजूंनी हौदाकडं उतार. त्या अंगणाला आगोर म्हणतात. आगोरात चप्पल घालून जायचं नाही, गुरं जाऊ द्यायची नाहीत, पावसाळ्याआधी सगळ्या घरानं मिळून झाडायचं. आई चप्पल काढून काठापाशीच उभी राहिली, देवळात उभी राहावी तशी. झाकण उघडलं, आत काळोख, आणि गार हवा वर आली. हे पालर पाणी, म्हणजे सरळ आभाळातून आलेलं. त्यांच्या भाषेत पाण्याच्या तीन जाती : पालर म्हणजे पावसाचं, पाताळी म्हणजे खोल जमिनीतलं, ते बहुतेक खारं, आणि या दोन्हींच्या मधलं रेजाणी, त्याचं उद्या सांगते. आमच्याकडं पाण्याला नावं दोनच होती, आलं आणि नाही आलं.

आता नळ आहे गावात, पण कधी येतो कधी नाही, मग टँकर. उन्हाळ्यात टँकरचं पाणी टांक्यात ओतून घेतात. तेव्हा मला कळलं की टँकर इथंही पोचलाय, फक्त टांका असलेल्या घराला टँकरमागं पळावं लागत नाही.

दुपारी सून माझ्याशी मोकळं बोलली. उन्हाळ्यात आंधी येते, तीन-तीन दिवस, भाकरीत वाळू, डोळ्यात वाळू, लेकराच्या नाकात वाळू. नवरा बाहेरगावी. मोठा दवाखाना जैसलमेरला, ४५-५० किलोमीटर, बाळंतपणात गाडी मिळेपर्यंत काय होईल सांगता येत नाही. तिची मुलगी आठवीनंतर घरी. हुशार आहे, माझ्या मोबाइलवर सगळं वाचत होती. पुढची शाळा लांब म्हणून थांबवली. मी विचारलं पाठवणार का, ती म्हणाली बघू, बापाला विचारू. इतक्या सुंदर संध्याकाळी जिथं होतात तिथं त्या मुलीचं हे असं, आणि फोटोत तिचं फक्त रंगीत ओढणीतलं हसणं येणार. मी तिचा फोटो काढला नाही.

मधे दोन तास सुदासरीला जाऊन आलो, डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये. माळढोक बघायला. इथं गोडावण म्हणतात, राजस्थानचा राज्यपक्षी. शाळेत असताना सोलापूरजवळ नान्नजच्या अभयारण्यात गेलो होतो तेव्हा दिसला नव्हता, आणि आता तर जगात १५० च्या आसपासच उरलेत, त्यातले बहुतेक इथंच. सेवण गवतात लांबवर एक दिसला. मान ताठ, सावकाश पावलं, घाई नाही. दुर्बिणीतून तीन-चार मिनिटं, मग गवतात गेला. मादी वर्षाला एखादंच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. आणि परतताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना विजेच्या तारा. या पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही, जड अंग, उडताना वळता येत नाही पटकन, तारेवर आदळतो. समला २०१९ पासून अंडी उबवून पिल्लं वाढवायचं केंद्र चालू आहे, तिथल्या लोकांच्या कामाबद्दल खूप आदर वाटतो, पण वाढवलेली पिल्लं शेवटी सोडायची याच आभाळात ना, तारांच्या?

रात्री मांगणियार आले, बापलेक. मुसलमान कुटुंबं ही, पिढ्यान् पिढ्या राजपूत यजमानांच्या घरी लग्नाला, जन्माला, मरणाला गाणारी. कमायचा म्हणजे मोठ्या गोल पोटाचं, कातडं चढवलेलं वाद्य, त्याचा आवाज घोगरा, खोल. हमीरा गावच्या साकर खाँसाहेबांना यासाठी २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली होती. पोरगा खडताल वाजवत होता, चार लाकडी पट्ट्या, बोटं दिसतच नव्हती. पाऊस येण्याची गाणी जास्त. आई मांडीवर ताल धरून होती.

दिवस ५ : रामगढ, तनोट

लांबचा पल्ला. तनोटचं देऊळ, बीएसएफचे जवान सांभाळतात, १९६५ मध्ये पडून न फुटलेले बॉम्ब काचेत ठेवलेत. लोंगेवाला बघितलं, १९७१ ची लढाई. तिथं उन्हात उभ्या असलेल्या पोरांकडं बघून आईनं हात जोडले. तेवढंच.

मला मात्र बेरी बघायची होती. रामगढच्या बाजूला एका ठिकाणी गावकऱ्यांनी दाखवली. वाळूत जेमतेम माणूस उतरेल एवढं तोंड, खाली अरुंद विहीर. वाळूखाली काही ठिकाणी जिप्समचा थर असतो, तो पावसाच्या ओलीला खाली खाऱ्या पाण्यात जाऊ देत नाही. मग ती ओल वाळूच्या कणांत अडकून राहते, आणि बेरी खणली की रात्रभरात थेंब थेंब झिरपून तळाशी जमते. तेच रेजाणी पाणी. सकाळी दोन-तीन घडे, परत दुसऱ्या दिवशी दोन-तीन. मी प्यायले, गोड आहे. खणणारा माणूस त्या अरुंद भोकात उकिडवा बसून लहान दांड्याच्या कुदळीनं खणतो, आत जीव घुसमटतो, वरून गार हवा जावी म्हणून लोक मुठीनं वाळू टाकत राहतात. आणि हाच जिप्सम, ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेरच्या कवासला अचानक प्रचंड पाऊस झाला तेव्हा पाणी मुरू देईना, गावं कितीतरी दिवस पाण्याखाली राहिली, माणसं गेली.

परतीला इंदिरा गांधी कालव्याचा भाग लागला. १९५८ मध्ये काम सुरू झालं, पंजाबातल्या हरिकेपासून जवळजवळ ६५० किलोमीटर. निळं पाणी, दोन्ही काठांना मोहरी, ट्रॅक्टर, पक्की घरं. काही ठिकाणी जमीन पाणथळ आणि खारी झाली हेही खरं. पण कडेला बसून एक पोरगा नुसता पाण्यात पाय सोडून बसला होता, ते बघून माझ्याच्यानं काही वाईट बोलवेना.

दिवस ६ : देगराय ओरण आणि परत

शेवटचा दिवस. सकाळी आकलच्या फॉसिल पार्कमध्ये थांबलो, १८ कोटी वर्षांपूर्वीची झाडांची खोडं, दगड झालेली. इथं जंगल होतं! मग सांवता गावाकडं देगराय मातेचं ओरण. ओरण म्हणजे आपली देवराई. देवाच्या नावानं सोडलेली जमीन, फांदी तोडायची नाही, नांगर घालायचा नाही, गुरं मात्र सगळ्यांची चरतात. खेजडी, बोरी, केर, मधे पाणवठा. एका राईकाचे, म्हणजे पिढ्यान् पिढ्या उंट पाळणाऱ्या जमातीतल्या माणसाचे, उंट होते, पन्नासेक. पूर्वी किती असायचे ते तो हातानंच दाखवत होता. २०१९ च्या पशुगणनेत देशात अडीच लाखच उंट भरले. २०१५ च्या कायद्यानं राज्याबाहेर विकायला बंदी आली, उंट वाचावा म्हणून, पण त्यामुळं भाव पडला आणि पाळणाऱ्याचं पोट भरेना. आणि चारी बाजूंना पवनचक्क्या, सोलर. कागदावर ही जमीन पडीक. सोलर हवंच, मला पटतं, पण पडीक कशी हो? तिथं पन्नास उंट चरतायत समोर. गावकरी ओरण कागदावर ओरण म्हणूनच लागावं म्हणून भांडतायत, मोर्चे काढतायत. एका बोरीखाली बसून त्यांनी आम्हाला चहा पाजला, उंटिणीच्या दुधाचा.

रात्री जोधपूरला पोचलो. दुसऱ्या दिवशी गाडीत मी वहीत हिशेब मांडत बसले. १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर. गावाकडच्या घराचं छप्पर ३० फूट बाय २० फूट, म्हणजे साधारण ५६ चौरस मीटर. ४५० मिमी धरला तर २५ हजार लिटर. थोडं वाया गेलं धरलं तरी २० हजार. एवढं दरवर्षी आमच्या पत्र्यावरून ओघळून गटारात जात होतं, आणि आम्ही हंडे घेऊन टँकरमागं.

आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. सुरतच्या अलीकडं रेंज आली तसा तिनं माझ्याकडून फोन घेतला आणि दादाला लावला. "आरं, घरामागं पपईखाली जी जागा हाय, ती आखून ठेव. न्हाय, न्हाय, खणू नको, मी आल्यावर. उतार कुठं हाय ते मला बघायचंय. आन् पत्र्याला पन्हाळ लावायला किती घेत्यात ते इचार."